टोल-पार्किंग वेगळं

दुसरबीडला पाहण्यासारखं काही नाही. गावचा रहिवासी म्हणून हे मी अभिमानाने सांगतो, कारण इतकं छातीठोकपणे सांगता येईल अशी गावं आता महाराष्ट्रात फार उरलेली नाहीत. बाकीच्या गावांनी रामाला, पांडवांना, निदान एखाद्या बादशहाच्या छावणीला तरी एक रात्र मुक्कामाला उतरवून घेतलेलं असतं. आमच्याकडे कोणी उतरलं नाही. आमच्याकडे जिजामातांच्या नावाचा सहकारी साखर कारखाना आहे, तोही बंद पडलेला.

पण गावाची खोड अशी, की इथून कोणत्याही बाजूला गाडी काढा, थोड्याच वेळात इतिहास आडवा येतो. पश्चिमेला निघालात की राहेरीला खडकपूर्णेचा पूल, मग किनगाव राजा आणि पुढे सिंदखेड राजा, जिजाऊंचं माहेर. पूर्वेला बीबी, सुलतानपूर. तिथून उजवीकडे वळलं की लोणारचं विवर, सरळ गेलं की मेहकरचा शारंगधर बालाजी. वरच्या अंगाला साखरखेर्डा. देऊळगाव राजाकडे गेलात तर मेहुणा राजा, चोखोबांचं जन्मगाव. चहूकडे थोरामोठ्यांची वस्ती आणि मधोमध आम्ही, चहाला थांबण्यापुरते.

पूर्वी नागपूर-मुंबईचा सगळा रस्ता आमच्या दारावरून जायचा. २०२२ च्या डिसेंबरात समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी टप्पा सुरू झाला, २०२५ च्या जूनमध्ये तो मुंबईच्या वेशीपर्यंत पोचला. थांबणारी रहदारी तिकडे गेली. पाहुणे मात्र वाढले. "तुमचं गाव फार लांब हो" ही सबब शहरातल्या नातेवाइकांच्या हातून निसटली. आमचे ठाण्याचे साडू तर सकाळी पोहे खाऊन निघतात आणि आमच्याकडे जेवायला हजर होतात. त्यामुळे दुसरबीडच्या माणसाला दोन गोष्टी चुकत नाहीत: पाहुणा, आणि पाहुण्याला फिरवायला गाडी ठरवणं.

साडूंची स्वतःची गाडी असते, तरीही ठरवावी लागते. कारण ते आदल्या दिवशी चालवून दमलेले असतात आणि मोबाईलमधली बाई त्यांना राहेरीच्या पुलाअलीकडेच एखाद्या शेतात घालते. शिवाय मेहुणीचं म्हणणं असं, की स्वतःच्या नवऱ्याने गाडी चालवली की तो बाहेर पाहू देत नाही, फक्त पुढच्या गाडीला नावं ठेवतो.

गाडी ठरवण्याची एक रीत आहे. फोन लावला की गाडीवाला "कोण बोलतंय" असं विचारत नाही. "कोन्त्या तारखेला?" असं विचारतो. मग माणसं किती, त्यात लेकरं किती, म्हातारं कोणी आहे का, आणि मग मुद्द्याचा प्रश्न: किलोमीटरवर का रोजावर? किलोमीटरवर म्हणजे धावेल तेवढं, असा भाबड्या माणसाचा समज होतो. पण त्यालाही खालून एक पाया घातलेला असतो. दिवसाचे अडीचशे-तीनशे किलोमीटर धरायचेच, गाडी धावो ना धावो. आमच्या भोवतालचा सगळा इतिहास एका दमात पाहून आलं तरी हा आकडा भरत नाही, म्हणजे न धावलेल्या रस्त्याचेही पैसे. म्हणून जाणता माणूस रोजावर बोलतो: डिझेल धरून इतके. त्यावर ड्रायव्हरचा भत्ता, मुक्काम पडला तर नाईट हॉल्ट, आणि सगळ्यात शेवटी, आरतीनंतरच्या मंत्रपुष्पांजलीइतक्या ठरल्या चालीवर, "टोल-पार्किंग वेगळं."

"आणि गाईडचे?" साडूंनी माझ्या हातून फोन घेऊन विचारलं. बँकेतून निवृत्त झालेले आहेत, छुपे आकार त्यांना झोपेतही दिसतात.

"ते याच्यातच धरले सायेब."

या गाडीवाल्याला मी ओळखतो. म्हणजे शिकवलेला आहे. मी गणिताचा मास्तर. शेकडेवारीचा धडा आला की याच्या पोटात दुखायचं, आणि ते दुखणं खरं असावं असं वाटण्याइतपत अभिनय त्याला तेव्हाही येत होता. आता पिवळ्या पाटीची अर्टिगा आहे, समोर जिजाऊ आणि बालशिवबा, शेजारी गजानन महाराज, मागच्या काचेवर बारा इंची अक्षरात "जय जिजाऊ". डिझेल चार रुपयांनी वाढलं तर मेहकरच्या फेरीला किती फरक पडेल हे तो मी चष्मा काढेपर्यंत तोंडी सांगतो. शाळेत कुठे गेलं होतं हे डोकं, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाला, "सर, तवा डिझेल नव्हतं माझं."

तर त्या दिवशी साडू पुढे बसले. हे बरं झालं. ज्याला पाहायचं आहे त्याने ड्रायव्हरशेजारी बसावं, ज्याला झोपायचं आहे त्याने मागे. पुढच्या माणसाला गाडीवाला इतिहास सांगतो, मागच्यांना फक्त कानावर पडेल तेवढा मिळतो.

सिंदखेड राजाला राजवाड्याचा दरवाजा रस्त्यालाच लागून आहे. लखुजी जाधवरावांचा हा वाडा. आत म्हाळसा महाल, जिथे १२ जानेवारी १५९८ ला जिजाऊंचा जन्म झाला. गाडीवाला दरवाजात थांबला, वाकून उंबऱ्याला हात लावला, तो कपाळाला लावला आणि मगच बोलायला लागला. आमची तारीख तशीच्या तशी सांगितली, त्यात चूक नाही. १२ जानेवारीला या गावात मुंगी शिरायला जागा नसते, तेव्हा ती तारीख इकडच्या पोराला पाढ्याआधी येते.

खरी कला रंगमहालात. रंगपंचमीचा दिवस, दरबार भरलेला, लहानगे शहाजी आणि जिजाऊ एकमेकांवर रंग उडवतायत, लखुजी कौतुकाने म्हणतात जोडा काय शोभतो, आणि मालोजी भोसले चटकन उभे राहून सगळ्यांना साक्ष ठेवतात की जाधवरावांनी सोयरीक जुळवली. ही गोष्ट बखरीतून आलेली आणि आपण सगळ्यांनी चौथीत वाचलेली. पण आमच्या गाडीवाल्याने ती जागेसकट सांगितली. लखुजी इथं बसले होते. मालोजी त्या कोपऱ्यात, खांबाला टेकून. पिचकारी इकडून तिकडं. म्हाळसाबाईंनी वरून पाहिलं आणि तोंड फिरवलं. मेहुणी तर त्या कोपऱ्याकडे असं बघायला लागली जणू मालोजी अजून तिथे टेकलेलेच आहेत.

"हे कोणत्या ग्रंथात आहे?" साडूंनी विचारलं.

"ग्रंथ तुमच्याकडं सायेब," तो म्हणाला. "जागा आमच्याकडं हाये."

यावर साडू गप्प झाले. मी पण झालो, कारण खांबाला टेकलेले मालोजी मी याआधीच्या पाहुण्यांबरोबर आलो तेव्हा दुसऱ्या बाजूला होते.

या बाबतीत आमचा गाडीवाला एकटा नाही. त्याच्या मागे फार जुनं घराणं आहे. ग्रीक इतिहासकार हिरोडोटस अडीच हजार वर्षांपूर्वी इजिप्तला गेला, तेव्हा पिरॅमिड दाखवणाऱ्या दुभाष्याने त्याला दगडावरची अक्षरं वाचून सांगितली: इथं लिहिलंय की मजुरांच्या मुळा, कांदा आणि लसणावर सोळाशे टॅलंट चांदी खर्च झाली. हिरोडोटसने ते इमानेइतबारे लिहून ठेवलं. पिरॅमिडवर भाजीबाजाराचा हिशेब कोणी कोरून ठेवेल यावर आजचे जाणकार विश्वास ठेवायला तयार नाहीत. मला मात्र त्या दुभाष्याचं कौतुक वाटतं. राजाचं नाव, देवाची स्तुती असलं काहीही सांगता आलं असतं, त्याने मुळा-कांदा सांगितला, तोही आकड्यासकट. आकडा असला की माणूस प्रश्न विचारत नाही. मी आयुष्यभर वर्गात याच तत्त्वावर निभावून नेलं आहे.

मार्क ट्वेन युरोपात फिरला तेव्हा त्याला गाईडांचा इतका वीट आला, की त्याने सगळ्यांचं नाव एकच ठेवून टाकलं, फर्ग्युसन. आणि कोणताही पुतळा दाखवला की ट्वेन आणि त्याचे सोबती भोळेपणाने विचारायचे, हा माणूस वारलाय का? १८६९ च्या त्याच्या पुस्तकात हे सगळं आहे. आमच्याकडचा प्रवासी इतका खट्याळ कधी नव्हता. त्याचा गाईड म्हणजे क्षेत्रोपाध्याय. त्र्यंबकेश्वराला किंवा काशीला उतरलं की तो गाव विचारायचा, आडनाव विचारायचा आणि जुनी वही काढून तुमच्या पणजोबाची सही दाखवायचा. त्यापुढे कोण काय बोलणार? देवळाचा इतिहास त्याने कसाही सांगितला तरी तुमचा इतिहास त्याच्या बगलेत होता.

सिंदखेडला लखुजींच्या समाधीपाशी मात्र गाडीवाल्याने आवाज खाली आणला. २५ जुलै १६२९ ला निजामशाहाने देवगिरीवर लखुजींना भेटीला बोलावून घेतलं आणि मुलं अचलोजी, राघोजी आणि नातू यशवंतराव यांच्यासह दगा करून मारलं. भेटीला बोलावून. हे तो दोनदा म्हणाला. तिथे त्याने काही रंगवलं नाही, कोणाला खांबाला टेकवलं नाही. चपला बाहेर काढून आत गेला आणि आमची वाट न पाहता परत आला.

मग गडी पुन्हा खुलला, कारण समाधीच्या आवारात अलीकडे जे घडलं ते त्याच्या समोरचं. २०२४ च्या उन्हाळ्यात पुरातत्त्व खात्याने इथे डागडुजीसाठी खणायला घेतलं, तर जुन्या शिवमंदिराचा पाया लागला आणि त्यात शेषशायी विष्णूची मोठी मूर्ती निघाली. शेषावर आडवे झालेले विष्णू, पाय चेपणारी लक्ष्मी, आणि समुद्रमंथनाचा देखावा. "सव्वादोन मीटर खाली होती सर. लांबी एक पूर्णांक सत्तर, उंची एक मीटर." मी मनातल्या मनात पेपरात वाचलेले आकडे लावून पाहिले. बरोबर. दशांशचिन्हासकट बरोबर. माझ्या वर्गात दशांश चुकल्याशिवाय ज्याचं उत्तर पुरं झालं नाही त्याच्या तोंडून हे ऐकताना काय वाटलं ते सांगता येत नाही. "आणि दगड आपल्या इकडला नाय," तो पुढे म्हणाला, "दक्षिणेकडला हाये." तेही बरोबर. शिस्ट जातीचा दगड, आमच्या काळ्या कातळातला नव्हे. माणूस जे डोळ्यांनी पाहतो त्यात फारसं मीठ घालत नाही. ऐकलेल्याला घालतो.

दुपारी जेवायला तो ठरवेल तिथेच थांबायचं असतं. हा अलिखित करार आहे. ड्रायव्हरचं जेवण ढाबेवाल्याकडून असतं आणि गिऱ्हाईक त्याच्याकडून. मोठ्या शहरात याच कराराला फार लांब फांद्या फुटतात. छत्रपती संभाजीनगरला कोणी गाडी केली असेल तर त्याला हे ठाऊक आहे: बीबी-का-मकबऱ्यावरून निघालेली गाडी सरळ पाणचक्कीला जात नाही, मध्ये हिमरू शाल आणि पैठणीचं दुकान लागतं. "घेऊ नका, नुसतं दहा मिनिटं पाहा." ती दहा मिनिटं घड्याळात तासाला भरतात आणि पाकिटात त्याहून जास्त. त्या गाडीवाल्याला आपण नावं ठेवतो, पण पेट्रोल पंपावर रांगेत उभं राहून, गाडीचा हप्ता भरून, आपली मुलं आजारी पडलेली घरी ठेवून तो हे दुकान दाखवत असतो. मला त्या दुकानाचा राग येतो, त्याचा येत नाही. दुसरबीडचा गाडीवाला या बाबतीत सोवळा आहे, आणि तो सद्गुण नसून भूगोल आहे. सिंदखेड ते लोणार या पट्ट्यात कमिशन मिळेल असं दुकानच नाही.

त्याऐवजी त्याला बहीण आहे. प्रत्येक दिशेला एक. साडूंच्या कागदावर साखरखेर्डा नव्हतं. गाडी वळली तेव्हा त्यांनी कागद पुढे धरला. गाडीवाला म्हणाला, "पाचच मिनिटं सायेब, तिथं बहीण दिली हाये." मी मात्र खूश झालो, कारण १७२४ च्या ऑक्टोबरात याच साखरखेर्ड्याला निजाम-उल-मुल्काने मुबारिझखानाचा पराभव केला आणि हैदराबादच्या आसफजाही गादीचा पाया इथे पडला. गावाचं नाव बदलून फतेहखेर्डा ठेवलं होतं. १९४८ पर्यंत टिकलेलं राज्य, म्हणजे २२४ वर्षं, आणि त्याची सुरुवात आमच्या तालुक्यातली. हे मी गाडीत उत्साहाने सांगितलं. साडू म्हणाले, तिथे पाहायला काय आहे? गाडीवाला म्हणाला, काही नाही. मी म्हणालो, काही नाही. मग बहिणीकडे चहा झाला, घट्ट, गुळाचा, सोबत मुरमुऱ्याचा चिवडा. मेहुणी आणि ती बहीण दोघी आतल्या खोलीत गेल्या आणि पाच मिनिटांचा अर्धा तास झाला. परत येताना मेहुणी मला हळूच म्हणाली, "भाऊजी, सकाळपासून इतकी स्वच्छ मोरी कुठे मिळाली नव्हती."

याचा उल्लेख कोणत्याही पर्यटन पुस्तिकेत नसतो. बाई बरोबर असेल तर कुठे थांबायचं, कोणत्या पंपावर कुलूप असतं आणि कोणत्या पंपावर किल्ली मागितली की मिळते, कोणत्या गावी बहीण "दिली आहे", हा नकाशा फक्त त्या भागातल्या गाडीवाल्याच्या डोक्यात असतो. साडूंच्या मोबाईलमध्ये साखरखेर्ड्याची लढाई सापडली. मोरी सापडली नाही.

उन्हं कलता कलता आम्ही लोणारला पोचलो. विवराच्या काठावर उभं राहिलं की बोलणारी माणसंही एकदा गप्प होतात. जवळजवळ १.८ किलोमीटर व्यासाची वाटी, खाली हिरवट तळं, काठाने दाट झाडी आणि त्यात बुडालेली देवळं. जगात बसाल्टच्या कातळात उल्केने पाडलेली अशी जागा क्वचितच सापडते. अबुल फजलच्या आईन-ए-अकबरीत लोणारच्या खाराची नोंद आहे. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने याची दखल घेतली. आमच्या लोकांना लवणासुर आधीपासून माहीत होता. त्याला विष्णूने मारलं, आणि गावात दैत्यसूदनाचं कोरीव देऊळ उभं राहिलं.

"किती जुनं?" साडूंनी विचारलं.

"बावन्न हजार वर्षं," गाडीवाला ठासून म्हणाला.

साडूंनी मोबाईल काढला. "इथे पाच लाख सत्तर हजार लिहिलंय."

दोन्ही आकडे शास्त्रज्ञांचेच आहेत. एका पद्धतीने मोजलं की बावन्न हजार येतात, दुसऱ्या पद्धतीने पाच लाख सत्तर हजार. अकरापट फरक. माझ्या वर्गात एकाच गणिताची अशी दोन उत्तरं आली असती तर मी दोघांनाही बाकावर उभं केलं असतं. गाडीवाल्याने शांतपणे सांगितलं, "सायेब, त्याहीचंच जमंना तर मी काहून भांडू? मला बावन्न हजार पाठ हायेत." पाठ असलेलं उत्तर द्यावं, हे मीच त्याला शिकवलं होतं.

त्यानंतर त्याने डॅशबोर्डच्या खणातून एक प्लास्टिकची पिशवी काढली. आत कागदाच्या बोटभर पट्ट्या, ओली हळद चोळून वाळवलेल्या. तिथल्याच कोणा पोराने तळ्याचं पाणी बाटलीत भरून ठेवलेलं त्याने मागून घेतलं. एक पट्टी मेहुणीच्या हातात दिली. "बुडवा ताई." तिने बुडवली. पिवळी पट्टी टोकाकडून लालसर होत गेली, आधी विटकरी, मग गडद. पाणी अल्कधर्मी आहे, त्याने हळद लाल होते, असं मी शास्त्रीय स्पष्टीकरण द्यायला तोंड उघडलं. तेवढ्यात मेहुणी म्हणाली, "अहो, हे तर कुंकू!" तिच्या आजीच्या घरी हळदीत चुन्याची निवळी घालून कुंकू करायचे. माझं स्पष्टीकरण मी आवरतं घेतलं. ते याहून चांगलं झालं नसतं.

त्या दिवशी तळं हिरवं होतं. २०२० च्या जूनमध्ये ते गुलाबी झालं होतं, जगभरच्या वर्तमानपत्रांत फोटो आले. पुण्याच्या आघारकर संस्थेच्या संशोधकांनी पाणी तपासून सांगितलं की खारं पाणी मानवणाऱ्या सूक्ष्मजीवांचा तो रंग. त्याच वर्षी नोव्हेंबरात तळ्याला रामसर पाणथळीचा दर्जा मिळाला. हे सगळं मी सांगत होतो. गाडीवाला काठावर बसून एका पट्टीची घडी घालत होता. "सर, तवा गाडी चार महिने पत्र्याखाली उभी होती," तो म्हणाला. "तळं गुलाबी झालं अन् गिऱ्हाईक नाय. मी एकटाच आलतो मोटारसायकलवर. पोलिसांनी वाटंतूनच वापस पाठवलं."

मेहकरला जाताना अंधार पडला. बालाजीची मूर्ती १८८८ साली जमिनीतून निघालेली, काळीभोर, माणसाहून उंच. तिच्यासमोर सगळ्यांची थकलेली तोंडं थोडी उजळली. कंचनीच्या महालाकडे गाडीतूनच हात केला. ही कंचनी महाल इतका उंच बांधत होती की वरून लोणारच्या देवीचा दिवा दिसावा, अशी दंतकथा. मेहकरचे कवी ना. घ. देशपांडे यांनी तिच्यावर कविता लिहिली. गाडीवाल्याला कवितेचं ठाऊक नव्हतं, दिव्याचं ठाऊक होतं. साडू पेंगले होते, त्यामुळे ग्रंथ कोणता हा प्रश्न निघाला नाही.

परतीच्या वाटेवर मी मागून विचारलं, "काय रे, अजिंठ्याला किती वेळा नेली असशील गाडी?"

"मोजलं नाय. लई वेळा."

"लेणी कशी वाटली?"

"पार्किंग पाह्यली सर. फर्दापूरच्या टी-पॉइंटला गाडी लावाची, पुढं त्याहीच्या बसनं लोक जातेत. आपण गाडीपाशी. काचा उघड्या ठेवून झोप घ्याची."

वेरूळला पण बाहेरच. तिथे आत दाखवायला सरकारी परवान्याचे, बिल्ला लावलेले गाईड असतात. ते इंग्रजीत बोलतात, जपानीत बोलतात, आणि ड्रायव्हरने मध्ये तोंड घातलेलं त्यांना चालत नाही. त्यांचंही बरोबर आहे, ते परीक्षा देऊन आलेले. पण ज्याने शेकडो माणसं पद्मपाणीच्या दारापर्यंत नेऊन सोडली त्याने पद्मपाणी पाहिलेला नाही, आणि त्याला ते विचित्र वाटत नाही. सिंदखेडला तो इतकं बोलतो याचं एक कारण मला तेव्हा कळलं. तिथे त्याला आत येऊ देतात.

दुसरबीडला उतरल्यावर हिशेब झाला. रोज, भत्ता, पार्किंगच्या पावत्या, एकेक काढून समोर ठेवल्या. टोल नव्हता, तो त्याने आपणहून वजा केला. साखरखेर्ड्याचं वळण त्याने धरलं नाही. "ते माझं काम होतं," म्हणाला. साडूंनी बँकेच्या सवयीने दोनदा बेरीज केली आणि दोन्ही वेळा तीच आली. इतिहासात मालोजींना या खांबावरून त्या खांबावर नेणारा हा गडी पैशाच्या हिशेबात एक रुपयाही इकडचा तिकडे करत नाही. मला यातलं दुसरं जास्त महत्त्वाचं वाटतं. उलट असतं तर मी त्याला पुन्हा बोलावलं नसतं.

तेव्हा सिंदखेड, लोणार, मेहकर पाहायचं असेल तर शहरातून गाडी आणू नका. गाडी इथलीच करा, रोजावर करा, आणि पुढच्या सीटवर बसा. सन-सनावळ्या घरी जाऊन पुस्तकात तपासा, रस्त्यात तपासू नका. जेवायला त्याला आपल्या टेबलावर बोलवा, तो नको म्हणेल, पुन्हा बोलवा. आणि इथून पुढे अजिंठ्याला जाणार असाल तर खिडकीवर आपल्या माणसांबरोबर त्याचंही एक तिकीट काढा. भारतीयांसाठी ते महाग नाही. फक्त सोमवारी जाऊ नका, त्या दिवशी अजिंठा बंद असतो, मंगळवारी वेरूळ. आणि १२ जानेवारीच्या आसपास यायचं असेल तर फार आधी कळवा. तेव्हा दुसरबीडला गाडी मिळत नाही.